बातमी पुढे पाठवताना



मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. दिवसभर मोबाइलवर बातम्या येऊन आदळतात, त्यांचं करायचं काय? किती वाचायचं, कधी वाचायचं, कुठे थांबायचं? आज त्याबद्दलच बोलायचं आहे. पण आधीच सांगून ठेवतो, प्रश्न जसा आला तसा आम्ही घेणार नाही. बातमी आपल्यापर्यंत येते तिथे आपली गोष्ट संपत नाही. ती आपण पुढे कुणाला तरी देतो, आणि ती कशी देतो याचा विचार फारसा कुणी करत नाही. आजचा विषय तो आहे.

आणखी एक खुलासा. आम्ही म्हणजे दर रविवारी सकाळी एकत्र बसून वाचणारे सहा-सात जण. बोलणारा एक दिसत असला तरी हे म्हणणं आमच्या बैठकीतल्या भांडणांतून तयार झालंय, म्हणून ‘आम्ही’.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करू.

मार्च २०२० आठवून बघा. त्या दिवसांत एक मेसेज सगळीकडे फिरत होता. रोज सकाळी खोल श्वास घ्या, दहा सेकंद रोखून धरा, खोकला आला नाही तर तुमची फुप्फुसं ठणठणीत, कोरोना नाही. सोबत परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठाचं नाव. आमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांनी तो पुढे पाठवला. कुणी सोसायटीच्या ग्रुपवर, कुणी नातेवाइकांच्या. थोड्याच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं, की श्वास रोखता आला म्हणजे कोरोना नाही असं अजिबात नाही. तेही आम्ही वाचलं. वाचून ‘अरेच्चा’ म्हणालो आणि कामाला लागलो.

मग सप्टेंबर आला. आमच्यातल्या एकाची आत्या तालुक्याच्या गावी राहते. तिला ताप आला, खोकला सुरू झाला. आत्या रोज सकाळी खाटेवर बसून दहा आकडे मोजायची आणि घरच्यांना सांगायची, मी पास झाले. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी जिना चढताना धाप लागली तेव्हा दवाखाना गाठला. सुदैवाने आत्या घरी परत आली, आजही ठीक आहे. पण बरी झाल्यावर भाच्याने विचारलं, चार दिवस थांबलीस कशाला? ती म्हणाली, “अरे, तुझाच तर मेसेज होता.”

‘तुझाच तर मेसेज होता.’ आमच्या बैठकीत या एका वाक्यावर दोन रविवार गेले. कारण भाच्याला आपण आत्याला काही पाठवलं होतं हेच आठवत नव्हतं. त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर एक गोष्ट टाकली होती. आत्याने मात्र ती भाच्याचं पत्र म्हणून वाचली. पोरगं शिकलेलं आहे, शहरात आहे, आपली काळजी करतं, म्हणून त्याने हे कळवलं. त्याच्या लेखी ते ‘फॉरवर्ड’ होतं, तिच्या लेखी पत्र. आणि खुलासा वाचल्यावर तो तिला का कळवला नाही? कारण पाठवलेलं कुणाकुणापर्यंत पोचलं याची नोंद त्याच्या डोक्यात नव्हतीच. पत्र लिहिणारा माणूस कुणाला लिहिलं हे सहसा विसरत नाही.

आता या वाक्याच्या उजेडात आपल्याला मिळणारे सल्ले तपासू. बातम्यांशी शहाण्यासारखं कसं वागावं यावर पुस्तकं आहेत, लेख आहेत, अभ्यासक्रम आहेत. त्यातले सल्ले साधारण दोन जातींचे. एक जात म्हणते, कमी वाचा. दुसरी म्हणते, तपासून वाचा.

पहिल्या जातीचं अलीकडचं ठळक उदाहरण म्हणजे रोल्फ डोबेली. हा स्विस लेखक. त्याचं ‘स्टॉप रीडिंग द न्यूज’ हे पुस्तक इंग्रजीत २०२० साली आलं. त्याचं सांगणं सरळ आहे: रोजच्या बातम्या पूर्ण बंद करा. त्याऐवजी पुस्तकं वाचा, सविस्तर लेख वाचा. बातमीची तो साखरेशी तुलना करतो. पचायला सोपी, गोड लागणारी, आणि हळूहळू नुकसान करणारी.

यात तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. गेल्या वर्षभरात वाचलेल्या हजारो बातम्यांपैकी किती बातम्यांमुळे आपण एखादा निर्णय बदलला, हा त्याचा सवाल प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारावा असाच आहे. आमच्यातल्या दोघांनी त्याचं ऐकून सकाळचं मोबाइल उघडणं सोडलं, आणि त्यांना त्याचा फायदाच झाला.

अडचण त्या साखरेच्या उपमेत आहे. साखर खाल्ली तर मधुमेह खाणाऱ्याला होतो. बातमीचं तसं नाही. भाच्याने मेसेज वाचला आणि धाप आत्याला लागली. ‘बातम्यांचा आहार’ हा शब्दप्रयोग हल्ली फार चालतो. त्यात सगळं लक्ष खाणाऱ्याच्या प्रकृतीवर असतं: माझी झोप, माझी एकाग्रता, माझं मन. पण आपण नुसते खाणारे नसतो, वाढपीही असतो. पंगतीत वाढप्याने स्वतः उपास धरला म्हणून पानात काय पडतंय याची जबाबदारी त्याच्यावरून जात नाही.

आणि बातम्या बंद करण्याच्या या विचाराचे आजोबा शोधायला गेलं तर आपण हेन्री डेव्हिड थोरोपाशी पोचतो. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावाजवळ वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून हा माणूस १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षं आणि वर दोनेक महिने राहिला. ‘वॉल्डन’ हे त्याचं पुस्तक ९ ऑगस्ट १८५४ रोजी प्रसिद्ध झालं. त्यात एके ठिकाणी तो बातम्या आणि पत्रं या दोघांचीही टर उडवतो. टपालखात्यावाचून आपलं काही अडणार नाही, टपालखर्चाच्या लायकीची पत्रं आपल्याला आयुष्यात एक-दोनच आली असतील, आणि वर्तमानपत्रात लक्षात ठेवण्याजोगी बातमी आपण कधी वाचलेली नाही, अशा आशयाचं तो लिहितो. बातम्या सोडणाऱ्यांचा हा आवडता उतारा आहे.

पण थोरो त्याच वर्षी काय करत होता ते बघा. २४ मे १८५४ रोजी बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स नावाच्या माणसाला अटक झाली. बर्न्स व्हर्जिनियातल्या गुलामीतून निसटून आला होता. १८५० च्या कायद्याप्रमाणे त्याला धरून जूनच्या सुरुवातीला परत मालकाकडे पाठवण्यात आलं. ही बातमी थोरोने वाचली, आणि तो पेटून उठला. ४ जुलैला फ्रेमिंगहॅम इथे गुलामगिरीविरोधी सभेत त्याने भाषण केलं. त्यात सरकार, न्यायाधीश आणि वर्तमानपत्रं या सगळ्यांना धारेवर धरलं. ते भाषण ‘लिबरेटर’ या गुलामगिरीविरोधी साप्ताहिकात छापलंही गेलं. ‘वॉल्डन’ प्रसिद्ध व्हायला तेव्हा पाच आठवडे होते. म्हणजे बातमीवाचून अडत नाही म्हणणारं पुस्तक छापून होत असताना लेखक स्वतः एका बातमीने झोप उडालेला माणूस होता.

पत्रांचंही तेच. वूस्टरला राहणाऱ्या हॅरिसन ब्लेक या गृहस्थाला थोरोने १८४८ पासून १८६१ पर्यंत पत्रं लिहिली. सुमारे पन्नास पत्रं. कसं जगावं, काम कशासाठी करावं, एवढ्याच विषयांवर. ब्लेक ती पत्रं जपून ठेवत आणि मित्रांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवत. टपालखर्चाच्या लायकीची पत्रं येत नाहीत म्हणणारा माणूस तेरा वर्षं तशी पत्रं लिहीत होता!

याला ढोंग म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. आमच्या मते थोरोचं पुस्तकातलं वाक्य अर्धं आहे आणि उरलेलं अर्धं त्याच्या वागण्यात आहे. ज्या बातमीचं आपण काहीच करणार नाही, ती नको. पण जी आपल्याला हलवते, ती नावानिशी, स्वतःच्या आवाजात, समोरच्या माणसांना सांगायची. आणि ज्याला खरंच काही विचारायचंय त्याला सवड काढून लिहायचं. आपण त्याचं पहिलं अर्धं उचललं, कारण ते सोपं आहे. बंद करायला एक बटण पुरतं.

आता सल्ल्यांची दुसरी जात: तपासून वाचा. हिच्याबद्दल आम्हाला जास्त आदर आहे. स्टॅनफर्डमधल्या सॅम वाइनबर्ग आणि सॅरा मग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. त्यांनी ४५ जणांना इंटरनेटवरची काही पानं दाखवली आणि ती कितपत विश्वासार्ह आहेत ते ठरवायला सांगितलं. ४५ पैकी १० इतिहासाचे पीएच.डी., १० व्यावसायिक तथ्य-पडताळणी करणारे, आणि २५ स्टॅनफर्डचे विद्यार्थी. गंमत अशी, की कागदपत्रं पारखण्यात आयुष्य घालवलेले इतिहासकारही बरेचदा फसले. ते पान वरून खालपर्यंत मन लावून वाचत होते. बोधचिन्ह भारदस्त आहे का, भाषा शास्त्रीय आहे का, संदर्भ दिलेत का. पडताळणीवाले मात्र पानावर थांबतच नव्हते. लगेच बाजूला दुसरी खिडकी उघडून ‘ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात’ हे शोधत होते. पान न वाचता पानाबाहेर जायचं. हा धडा मोलाचा आहे आणि शाळेत शिकवावा असा आहे.

पण आत्याकडे परत या. तिच्यासमोर कुठलं पान होतं? बोधचिन्ह नव्हतं, संस्थेचं पत्ता-नाव नव्हतं. मेसेजच्या वर एकच नाव होतं, भाच्याचं. पडताळणीची ही सगळी तंत्रं लेखकाला पारखायला शिकवतात. आत्याने लेखकाला पारखलंच नाही, तिने पाठवणाऱ्याला पारखलं, आणि तिच्या हिशेबाने अगदी बरोबर पारखलं. पोरगा खोटारडा नाही. आता नात्यावरचा विश्वास सोडून द्यायला तिला आपण सांगायचं, की त्या विश्वासाला साजेसं वागायला भाच्याला शिकवायचं? आम्ही दुसऱ्या बाजूचे.

इथवरचं उदाहरण घरगुती होतं आणि त्याचा शेवट बरा झाला. सगळ्यांचा तसा होत नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या भागात मोबाइलवर फिरत होते. कुणीतरी संशय घेतला, जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण झाली आणि पाचही जण मेले. ज्यांनी मारलं ते दोषी आहेत, त्याबद्दल आमच्या मनात गोंधळ नाही. नुसता मेसेज पुढे पाठवणारा आणि हात उचलणारा यांना आम्ही एका तराजूत घालत नाही. पण त्या जमावाच्या डोक्यात टोळी अगोदर कुणी नेऊन बसवली, हा प्रश्न उरतोच.

त्याच सुमारास देशभर फिरलेल्या एका व्हिडिओकडे जरा समीक्षकाच्या नजरेने बघू. गल्लीत मुलं खेळतायत. मोटारसायकलवर दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. सीसीटीव्हीसारखं चित्रण, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल असं. हा व्हिडिओ मुळात कराचीतल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची जाहिरात होती. मूळ जाहिरातीत तेच मोटारसायकलवाले परत येतात, मुलाला सुखरूप सोडतात आणि एक फलक उघडून दाखवतात. मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो, म्हणून लक्ष ठेवा, असा त्याचा आशय. इथे फिरला तो हा शेवट कापून.

आता बघा, यात खोटं काय आहे? चित्र खरं आहे. एकही फ्रेम बनावट नाही. फक्त शेवट नाही. आणि शेवटातच दोन गोष्टी होत्या: हे कुणी सांगितलं, आणि कशासाठी सांगितलं. पत्राच्या भाषेत बोलायचं तर सही आणि विनंती कापून टाकली. बाकी मजकूर तोच, पण काळजीच्या पत्राचं धमकीच्या चिठ्ठीत रूपांतर झालं. एखादी सनसनाटी गोष्ट हाती आली की आमचा पहिला प्रश्न आता ‘हे खरं आहे का’ असा नसतो. आम्ही विचारतो, ‘याचा शेवट कुठाय?’

या घटनांनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूणही आली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. हे चांगलंच झालं. पण ही मर्यादा आकड्याची आहे. पाच ठिकाणी पाठवला काय किंवा एका ठिकाणी, पाठवणाऱ्याने स्वतःचा एक शब्द लिहिला का, याची चौकशी कुठलंही यंत्र करत नाही. ती आपण करायची.

आता तुम्ही म्हणाल, मग उपाय काय? उपाय नवा नाही. आपल्याकडे पत्र लिहिण्याची एक रीत होती आणि आपल्यातल्या चाळिशीपुढच्या बहुतेकांना ती शाळेत घोटून घेतलेली आहे. उजव्या कोपऱ्यात गाव आणि दिनांक. मग मायना: कुणाला तीर्थरूप, कुणाला चिरंजीव, कुणाला स. न. वि. वि. मग मजकूर. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’, खाली सही, आणि काही राहिलं असेल तर ता. क. आम्ही लहान असताना हे सगळं निव्वळ सोपस्कार वाटायचं. आता एकेक भाग काढून बघितला की कळतं, प्रत्येक भागाला काम होतं.

दिनांक घ्या. रक्ताची तातडीने गरज आहे असे मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतात. पेशंट कधीच घरी गेलेला असतो, फोन मात्र येत राहतात. पुराचे जुने व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्याने वाहून येतात. वर तारीख असती तर यातलं निम्मं तिथेच थांबलं असतं.

मायना घ्या. ‘तीर्थरूप आत्यास’ एवढं लिहायचं झालं असतं तर भाच्याचा हात क्षणभर थांबला असता. आत्याचं वय, तिचा दमा, तिचा आपल्यावरचा विश्वास, हे सगळं त्या दोन शब्दांबरोबर डोळ्यांपुढे येतं. ग्रुपला मायना नसतो. १२० जणांना तीर्थरूप कसं म्हणणार?

वाईट बातमीचीसुद्धा रीत होती. कुणी गेल्याचं कळवायचं तर अनेक घरांत पत्रावर ‘श्री’ लिहीत नसत, कार्डाचा कोपरा फाडत. पोस्टमनने कार्ड हातात ठेवलं की मजकूर वाचायच्या आधी माणूस सावध व्हायचा, खाली बसायचा, घरातल्या म्हाताऱ्यांना आत पाठवायचा. बातमीचा धक्का कुणाला किती बसेल याचा विचार लिहिणाऱ्याने आधी केलेला असे. आज अपघाताचं उघडंवाघडं छायाचित्र सुप्रभातच्या फुलांखाली येऊन पडतं.

आणि मजकूर? पानिपतची बातमी पुण्याकडच्या माणसांना कशी कळली ती गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. दहाएक दिवसांनी, नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेवर असताना, एका सावकारी पत्रातून त्यांना ती कळली असं सांगतात. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, अशा अर्थाचं ते सांकेतिक पत्र. त्यातल्या दुःखाबद्दल पुष्कळ बोललं गेलंय. आमचं लक्ष दुसरीकडे गेलं. लिहिणाऱ्याने जे माहीत आहे ते आकड्यात सांगितलं, दोन आणि सत्तावीस. जे माहीत नाही, ते मोजता येत नाही असं सरळ कबूल केलं. खुर्द्याचा आकडा ठोकून दिला नाही. पेढीवरचा माणूस होता. चुकीचा आकडा लिहिला तर नुकसान कुणाचं हे त्याला ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या उत्पाताची बातमी तीन ओळींत, आणि तिच्यात माहीत असलेलं व नसलेलं वेगळं ठेवलेलं! आजच्या कितीशा मथळ्यांबद्दल आपण हे म्हणू शकतो?

पत्र आणि सार्वजनिक गोष्ट यांचं वैर आहे असंही कुणी समजू नये. लोकहितवादींची शतपत्रं १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आली. म्हणायला शतपत्रं, मोजायला १०८. समाजाला खडे बोल सुनावायचे होते, तरी त्यांनी पत्राचा घाट धरला. पत्रात समोर माणूस असतो. म्हणून रागावतानाही त्याला समजेल असं लिहावं लागतं.

शेवटचा भाग ता. क. आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. पत्र लिहून झाल्यावर काही नवं कळलं, काही चुकलं असं वाटलं, तर त्याच कागदावर खाली लिहायचं. भाच्याने खुलासा वाचला त्या दिवशी आत्याला एवढंच कळवायला हवं होतं: ता. क., मागे श्वासाचं पाठवलं होतं ते चुकीचं आहे, खोकला झाला तर डॉक्टरकडे जा. एक ओळ. पण ज्याने पत्रच लिहिलं नव्हतं, तो ता. क. कुठे लिहिणार?

या विचाराने आम्ही गेली तीन-साडेतीन वर्षं एक सवय पाळतोय. प्रतिज्ञा वगैरे काही नाही, मोडतेही अधूनमधून. इंटरनेटवर काही हाती लागलं तर ते ग्रुपवर टाकायचं नाही. एका माणसाला पाठवायचं, आणि सोबत दोन-तीन ओळी लिहायच्या: हे तुलाच का पाठवतोय, मला कुठे मिळालं, आणि यातलं मला काय कळलं नाही. या तीन ओळी लिहिता येत नसतील तर पाठवायचं नाही.

परिणाम काय झाला सांगतो. पहिली गोष्ट, पाठवणं खूप कमी झालं. दिवसाला दहा-पंधरावरून आठवड्याला दोन-तीन. ‘हे तुलाच का’ या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरच नसतं, मग गोष्ट आपोआप गळते. कमी वाचा म्हणणाऱ्यांना जे साधायचं होतं ते उपास न धरता साधलं. दुसरी गोष्ट, पाठवायच्या आधी आपोआप तपासलं जायला लागलं. कुठे मिळालं हे लिहायचं म्हणजे कुठे मिळालं ते बघावं लागतं.

तिसरी गोष्ट आम्हाला अपेक्षित नव्हती. उत्तरं यायला लागली. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे जुने शब्दकोश इंटरनेटवर खुले ठेवलेत. त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही आहे, १८५७ च्या आवृत्तीचा. आमच्यातल्या एकाने तो आधी ग्रुपवर टाकला होता. आठ अंगठे आले, विषय संपला. वर्षभराने तोच दुवा त्याने आपल्या निवृत्त शिक्षकांना पाठवला आणि लिहिलं, “सर, उतरंड शब्द मुलीला समजावता येईना, तेव्हा तुमची आठवण झाली. हा कोश बघा, वेळ जाईल.” चौथ्या दिवशी सरांचं उत्तर आलं, मोबाइलवरच, पण चांगलं दोन पानी. त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरातली भांडी, कुठलं कुठल्यावर ठेवायचं, सगळ्यात वरच्या मडक्यात काय लपवलेलं असे. कोश तोच होता. पहिल्या वेळी त्याला पत्ता नव्हता.

आता दोन आक्षेप, जे आम्ही स्वतःलाच घेतलेत.

एक, तातडीच्या वेळी काय? ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगलीला पूर आला, तेव्हा तीन ओळींचं पत्र लिहीत बसायचं का? नाही. तेव्हा भराभर पाठवावंच लागतं. पण तेव्हाच तारीख, वेळ, ठिकाण आणि पाठवणाऱ्याचं नाव जास्त लागतं. तातडीच्या तारेतही पत्ता आणि नाव असायचंच.

दोन, सात माणसांनी पत्रं लिहून काय होणार? यंत्रणा मोठी आहे, पैसा मोठा आहे, ठरवून खोटं पसरवणारे आहेत. खरं आहे. आमच्या सवयीने ते थांबणार नाहीत. त्यासाठी कायदा हवा, कंपन्यांवर वचक हवा, वेळेवर पोचणारे पोलीस हवेत. आमचा दावा लहान आहे. ठरवून खोटं पसरवणाऱ्याला शेवटच्या टप्प्यावर एक विश्वासाचं माणूस लागतं, कुणाचा तरी भाचा, कुणाचे तरी सर. ते माणूस व्हायचं की नाही एवढं आपल्या हातात आहे.

जाता जाता आत्याचं सांगतो. भाचा हल्ली तिला महिन्यातून एकदा सवडीने लिहितो. तिला आवडेल असं काही सापडलेलं असतं, कधी जुनं छायाचित्र, कधी एखादा लेख, आणि सोबत घरची हालहवाल. मागच्या महिन्यात तिने उलट लिहिलं: लेख छान आहे, पण दुसऱ्या परिच्छेदातलं साल मला चुकीचं वाटतं, बघून कळव. त्याने बघितलं. आत्याचं बरोबर होतं. त्याने त्याच संध्याकाळी तिला ता. क. पाठवला.

आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर पाठवा. फक्त खाली नाव आणि वर तारीख घालायला विसरू नका. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.